माग सुरू असतानाच

वऱ्हाळादेवीच्या तलावाकडून भिवंडीतल्या कामतघरच्या वस्तीत वळलं, की थोड्याच अंतरावर यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. पत्र्याच्या छताखाली ओळीने मांडलेले माग, हवेत तरंगणारी कापसाची तूस आणि त्या आवाजात हातवाऱ्यांनी बोलणारे कामगार हे चित्र भिवंडीबाहेरच्या वाचकालाही ओळखीचं असेल. मागाच्या एका कडेला, बाण्याचा धागा वाहून नेणारा धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो तिच्याजवळ, एक छोटा लोखंडी काटा असतो. तो सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. जेवणाच्या काट्यासारखे त्याला दात असतात. धोट्याच्या दर दुसऱ्या फेकीला, धागा ठोकणारी फणी पुढे येत असताना, आडवा पडलेला बाण्याचा धागा या दातांना रेटतो, काटा किंचित कलतो आणि त्याचं शेपूट मागच्या हलत्या दांड्याच्या वाटेतून वर उचललं जातं. धागा तुटला असेल किंवा धोट्यातली सुताची कांडी संपली असेल, तर दातांना रेटायला काहीच नसतं. ते समोरच्या जाळीतून मोकळे पार जातात, शेपूट खालीच राहतं, दांड्यात अडकतं, आणि त्या हिसक्यासरशी चालू-बंदची मूठ सुटून माग उभा राहतो. मिस्त्री याला वेफ्ट फोर्क म्हणतात. बाहेरची स्थिती ओळखायची, तिच्यावरून ठरवायचं आणि त्याप्रमाणे कृती करायची, हा आजच्या रोबोटिक्सच्या वर्गातला पहिला धडा. हा काटा तो धडा लोखंडात गिरवतो. त्याला ना वायर लागते, ना चिप.

कामतघरच्या मुलांच्या हाती रोबोट यायला हवा, आणि तो माग सुरू असतानाच यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. माग बंद पडल्यावर, कारखान्यांच्या जागी इमारती आल्यावर आणि मिस्त्री गावी परतल्यावर तो आला, तर त्याची किंमत निम्मी होईल. रोबोट बनवताना जे सर्वांत अवघड असतं, ते शिकवणारी माणसं आज या वस्तीत आहेत. त्यांना कुणी शिक्षक म्हणत नाही, एवढंच. हे म्हणणं भावनेवर सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण त्याला पुरावे आहेत. त्यावर घेता येतील असे आक्षेपही आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पण आधी, रोबोट बनवताना नेमकं अवघड काय असतं ते पाहायला हवं. त्यासाठी स्पर्धेआधीचा शेवटचा आठवडा पाहिलेला बरा.

रोबोटिक्सच्या स्पर्धेत उतरणारा विद्यार्थ्यांचा संघ साधारणपणे तीन गटांत वाटलेला असतो. एक गट सांगाडा, चाकं आणि रोबोटचे हात बनवतो, दुसरा बॅटरी, वायरी आणि मोटर चालवणारी सर्किटं सांभाळतो, तिसरा प्रोग्रॅम लिहितो. काही महिने हे गट आपापल्या टेबलावर काम करतात आणि प्रत्येकाचं काम त्याच्या टेबलावर व्यवस्थित चालतं. शेवटच्या आठवड्यात सगळं एका सांगाड्यावर चढतं आणि खरी परीक्षा सुरू होते. हात वर गेला की वायर ताणली जाऊन जोड सुटतो. वजनकाट्यावर रोबोट मर्यादेपेक्षा जड भरतो. मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना भोकं पाडून वजन उतरवायचं, तर भोकं पाडलेली पट्टी भाराखाली वाकते. सरावाच्या दहाव्या फेरीत थरथरीने नट ढिले होतात, म्हणून ते काढून आत नायलॉनची कडी असलेले नट बसवावे लागतात. आठवड्याच्या मध्यावर एक कठीण निर्णय येतो. जास्त गुण मिळवून देणारी पण दहांतून चारदा फसणारी करामत ठेवायची, की कमी गुणांची पण दरवेळी होणारी? ती करामत ज्याने दोन महिने खपून बनवली, त्याच्या तोंडावर ती काढून टाकायची असते. त्यानंतर चालकाचा सराव, सुट्या भागांची यादी, प्रत्येक हत्याराचा जोड, खोका, प्रवास. स्पर्धेच्या जागी पोचल्यावर कळतं, की तिथली जमीन आपल्या वर्गातल्या फरशीपेक्षा गुळगुळीत आहे आणि दिव्यांचा उजेड वेगळा आहे. चाकं घसरतात आणि कॅमेऱ्याला कालपर्यंत ओळखू येणारा रंग आज ओळखू येत नाही.

या आठवड्यातला एक बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेक संघांना तो कधी ना कधी भेटतो. रोबोट सुरुवातीच्या रेषेवर उभा असतो, इशारा होतो, चारही मोटरी एकदम सुरू होतात, आणि रोबोट दोन वीत पुढे जाऊन गप्प होतो. दोन सेकंदांनी पुन्हा जागा होतो, पण कुठून निघालो आणि कुठे जायचं, हे विसरलेला असतो. प्रोग्रॅमवाले म्हणतात, आमच्या टेबलावर बरोबर चालत होता. वायरिंगवाले मीटर लावतात, तर बॅटरी भरलेली दाखवते. सांगाड्यावाले चाकं हाताने फिरवून पाहतात, ती मोकळी फिरतात. तिघंही खरं बोलत असतात. थांबलेली मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. चार मोटरींनी एकाच क्षणी तो ओढला, की बारीक आणि लांब वायरींतून येणारा दाब क्षणभर खाली जातो. मोटरींना त्याचं काही वाटत नाही, पण त्याच बॅटरीवर जगणारा रोबोटचा मेंदू त्या क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होतो. उपाय तिन्ही टेबलांवर आहेत. मेंदूला वेगळी बॅटरी देता येते, वायर जाड आणि आखूड करता येते, वजन कमी करता येतं, किंवा मोटरी हळूहळू वेग घेतील असा प्रोग्रॅम लिहिता येतो. पण बिघाड तिन्ही टेबलांच्या मधल्या जागेत आहे हे उमगायला संघाला कधीकधी दोन रात्री लागतात. शेवटचा आठवडा शिकवतो ती ही मधली जागा. ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही, कारण पाठ्यपुस्तकाची प्रकरणंही त्या टेबलांसारखीच वेगवेगळी असतात.

आता मागाकडे परत येऊ. धोटा उडणं हा मागावरचा सर्वांत धोक्याचा बिघाड. ताण्याच्या उघडलेल्या उभ्या धाग्यांमधून या पेटीतून त्या पेटीत धावणारा, टोकांना धातूची अणी असलेला धोटा एखाद्या फेकीला वाट सोडून बाहेर झेपावतो आणि समोर माणूस असेल तर त्याला जखमी करतो. कारण काय असेल? ताण्याचे धागे उघडायला उशीर होत असेल. फेक गरजेपेक्षा जोराची किंवा कमी पडत असेल. पेटी झिजून धोट्याची दिशा बिघडली असेल. फणी आणि पेटीची पाठ एका रेषेत नसतील. किंवा ताण्याचा एक तुटका धागा शेजारच्या धाग्यांत गुंतून वाट अडवत असेल. एकाच लक्षणाची पाच कारणं, आणि ती मागाच्या पाच वेगवेगळ्या भागांत. जॉबर, म्हणजे माग लावणारा आणि दुरुस्त करणारा मिस्त्री, आधी मागाचा आवाज ऐकतो, मग हाताने चाक सावकाश फिरवून एक फेक पूर्ण होईपर्यंत प्रत्येक हालचाल कधी सुरू होते आणि कधी संपते ते पाहतो. ताणा उघडणं, धोटा फेकणं आणि फणीने ठोकणं या मागाच्या तीन मुख्य क्रिया. त्या मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एकमेकींच्या पाठोपाठ नेमक्या क्षणी घडाव्या लागतात. त्यांचं वेळापत्रक जॉबरच्या बोटांत असतं. विद्यार्थ्यांचा संघ दोन रात्री जागून जे शिकतो, की बिघाडाचं लक्षण एका जागी असतं आणि मूळ दुसऱ्या जागी, ते या माणसाने शेकडो मागांवर हजारो वेळा केलेलं असतं. रोबोटिक्सची प्रयोगशाळा उभारणाऱ्या कुठल्याही शाळेला असा शिक्षक शोधून सापडणार नाही. कामतघरमध्ये तो शाळेच्या भिंतीपलीकडे काम करतो.

पहिला आक्षेप इथेच येतो. माग हे जुनं यंत्र आहे, रोबोटिक्स म्हणजे प्रोग्रॅमिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, मग लोखंडाच्या मिस्त्रीचं तिथे काय काम? या आक्षेपाचं उत्तर रोबोटिक्सच्या अभ्यासकांनीच देऊन ठेवलं आहे. हान्स मोरावेक या संशोधकाने १९८८ मध्ये एक निरीक्षण मांडलं, आणि ते आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. मोठ्या माणसांना अवघड वाटणारी बुद्धीची कामं संगणकाकडून करून घेणं त्या मानाने सोपं आहे, पण वर्षाच्या बाळाला सहज जमणारं पाहणं, पकडणं आणि चालणं त्याच्याकडून करून घेणं फार अवघड आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा दाखला घरच्या खेळात मिळेल. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाच्या रोबोकॉन स्पर्धेचं यजमानपद २०२२ मध्ये भारताकडे होतं आणि विषय होता लगोरी. गल्लीतला सात वर्षांचा मुलगा चेंडू चुकवत चुकवत लगोरी रचतो. स्पर्धेत पाचच चकत्यांची ती लगोरी फोडायला आणि पुन्हा रचायला अभियांत्रिकीच्या अख्ख्या संघांनी महिनोन् महिने घालवले. त्याआधी २००८ मध्ये हीच स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा विषय गोविंदाचा होता आणि रोबोटांनी उंचावरचं लोणी मिळवायचं होतं. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यात झाली, तेव्हा पालक रोबोटने बाळ रोबोटला सीसॉवर, झोक्यावर आणि जंगल जिमवर खेळवायचं होतं. दहीहंडी, लगोरी आणि झोका यांत प्रोग्रॅम लागतोच, पण तो घसरणाऱ्या चाकावर, डगमगणाऱ्या हातावर आणि ढिल्या नटावर चालवावा लागतो. प्रोग्रॅम शिकण्याची साधनं आज मोबाइलवरही मिळतात. ढिला नट आवाजावरून ओळखायला शिकवणारा माणूस मोबाइलवर मिळत नाही.

रोबोकॉनचं मूळही या म्हणण्याला बळ देतं. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये रोबोकॉन सुरू केली. तिची बीजं तोक्यो तंत्रविद्या संस्थेतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या स्पर्धेत होती. थोड्याशा बॅटरीच्या शक्तीवर चालणारं वाहन स्वतःच्या हातांनी बनवायचं, एवढीच अट. एनएचकेने ही कल्पना पुढे नेली ती नामांकित विद्यापीठांत नव्हे, ‘कोसेन’मध्ये. कोसेन म्हणजे नववीनंतर पंधराव्या वर्षी मुलांना घेऊन पाच वर्षं तंत्रशिक्षण देणारी महाविद्यालयं. ती १९६२ पासून जपानच्या कारखान्यांना माणसं पुरवत आली आहेत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांच्या जवळपासची पायरी. विद्यापीठांसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोक्योत सुरू झाली ती २००२ मध्ये. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी आपल्याकडची अभियांत्रिकी महाविद्यालयं वर्षभर झटतात, ती जन्मली कारखान्याच्या शेजारच्या शाळेत. आपण तिचं वरचं टोक घेतलं आणि मूळ सोडून दिलं.

याच जपानमधलं दुसरं उदाहरण तर थेट मागाचं आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. आधी हातमाग सुधारले, मग यंत्रमाग बनवले, आणि १९२४ मध्ये चालता माग न थांबवता धोटा बदलणारा, धागा तुटताच आपोआप थांबणारा स्वयंचलित माग तयार केला. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. त्या पैशाचा आधार त्याच्या मुलाच्या, किइचिरोच्या, मोटारीच्या प्रयोगांना मिळाला, असं टोयोटाच्या इतिहासात सांगितलं जातं. मागाच्या कारखान्यात १९३३ मध्ये मोटारींचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. पैशापेक्षाही मोठं काही मागाकडून मोटारीकडे गेलं, ते म्हणजे चूक होताच यंत्राने स्वतः थांबायचं, हे तत्त्व. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचा तो आजही एक खांब मानला जातो. वेफ्ट फोर्क तेच करतो. फरक इतकाच, की टोयोडाच्या गावात त्या काट्याकडे पाहून पुढचं यंत्र सुचलं, आणि आपल्या गावांत तो काटा पिढ्यान् पिढ्या फक्त दुरुस्त होत राहिला. दुरुस्त करणाऱ्यांची बुद्धी कमी होती, असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या दुरुस्तीला आणि शाळेतल्या विज्ञानाला एका टेबलावर बसवणारी जागा नव्हती.

भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणायची जुनी सवय आहे. जगात मँचेस्टर नावाचं आणखी एक शहर आहे आणि त्याची गोष्ट आपण नीट ऐकायला हवी. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डेरीफील्ड या गावाने १८१० मध्ये इंग्लंडच्या कापडनगरीवरून आपलं नाव मँचेस्टर केलं आणि ते नाव खरंही करून दाखवलं. तिथल्या अमोस्केग कंपनीच्या गिरण्यांत भरभराटीच्या काळात सतरा हजार माणसं काम करत. १९३५ मध्ये त्या गिरण्या थांबल्या आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली. नदीकाठच्या लाल विटांच्या इमारती पुढे अनेक दशकं अर्धवट रिकाम्या होत्या. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. १९९२ मध्ये त्याच मँचेस्टरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली रोबोट स्पर्धा झाली. तिच्यातून आजची जगभर पसरलेली शालेय स्पर्धा उभी राहिली. संस्थेचं मुख्यालय अमोस्केगच्या त्या जुन्या गिरणी परिसरातच आहे. गिरणीच्या गावात रोबोट आला, पण गिरणी बंद पडल्यावर अर्धं शतक उलटून. तोवर माग लावणारे हात काळाआड गेले होते आणि मुलांना शिकवायला मोठमोठ्या कंपन्यांतले अभियंते बोलवावे लागले. कामतघर अजून त्या वळणावर पोचलेलं नाही. इथे माग चालू आहेत, लेथ चालू आहेत, सुटे भाग बनवणारी आणि विकणारी दुकानं चालू आहेत. अमेरिकेतल्या मँचेस्टरला जी संधी मिळाली नाही, ती या मँचेस्टरच्या हातात आहे.

पण ती किती दिवस राहील? भिवंडीतल्या साध्या मागांची अवस्था काही लपलेली नाही. वीजदर, सुताचे चढउतार, धोट्याविना चालणाऱ्या रेपियर आणि एअरजेट मागांची स्पर्धा यांनी छोटा मागमालक वाकला आहे. दुसरीकडे माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा या गावांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असणं हे त्यांचं पहिलं बळ होतं. जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी महामार्ग आणि मुंबईची बाजारपेठ जवळ असल्यामुळे गोदामं वाढतच राहिली. दुसरा आक्षेप या गोदामांतून येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. रोबोट माणसाचं काम घेतो. ज्या वस्तीत बाप मागावर आणि मोठा भाऊ गोदामात हमाली करतो, तिथल्या पोराला रोबोट बनवायला शिकवणं म्हणजे त्यांच्याच पोटावर पाय द्यायला शिकवणं नाही का? रोबोटमुळे काही कामं जातात, हे नाकारता येणार नाही. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतलेल्या किवा कंपनीचे रोबोट आख्खं कपाट उचलून माणसापाशी आणतात, आणि त्यामुळे गोदामात चालत फिरून माल काढण्याचं काम कमी होतं. पण हे रोबोट कुठून आले ते पाहा. किवाच्या संस्थापकांपैकी राफाएलो डी’आंद्रेआ हे कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या रोबोट फुटबॉल संघाचे मार्गदर्शक होते आणि त्या संघाने चार वेळा जागतिक स्पर्धा जिंकली होती. आपल्याकडे गोदामांचे रोबोट बनवणारी ग्रेऑरेंज ही कंपनी समय कोहली आणि आकाश गुप्ता यांनी काढली. पिलानीच्या बिट्समध्ये शिकताना त्यांनी ‘अच्युत’ हा माणसासारखा चालणारा रोबोट बनवला होता. म्हणजे भिवंडीच्या गोदामांत उद्या फिरणारी यंत्रं कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावरच जन्मली आहेत. ती इथे यायची की नाही, हे कामतघरच्या मुलांच्या शिकण्या-न शिकण्यावर ठरत नाही. ती आल्यावर या वस्तीतली माणसं त्यांच्यापुढे फक्त हमाल म्हणून उभी राहतील, की ती लावणारी, दुरुस्त करणारी आणि त्यांच्यातला दोष ओळखणारी माणसंही इथली असतील, एवढं मात्र त्यावर ठरतं. एका प्रयोगशाळेने सगळ्यांच्या नोकऱ्या वाचणार नाहीत. कामगारांच्या वेतनाचा, विम्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न सरकार आणि मालक यांनाच सोडवावा लागेल, आणि रोबोटिक्सच्या नावाखाली त्यातून कुणाला सुटका मिळता कामा नये.

तिसरा आक्षेप पैशाचा. मोठ्या स्पर्धेतला रोबोट लाखांच्या घरात जातो, हे खरं आहे. परदेशी संच, महाग मोटरी, प्रवास, सगळ्याचा खर्च असतो, आणि म्हणूनच हा खेळ बऱ्याचदा श्रीमंत शाळांपुरता राहिला आहे. पण सरकारच्या पातळीवर वाट अगदीच बंद नाही. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅबला शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान दिलं आणि अशा दहा हजारांहून अधिक प्रयोगशाळा झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळा जाहीर झाल्या. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत महाविद्यालयीन मुलांचे चौघांचे संघ शुल्क न भरता उतरत आले आहेत. पैशाहून मोठी अडचण निराळीच आहे. अशा अनेक प्रयोगशाळांत तयार संच येतो, पुस्तिकेप्रमाणे जोडला जातो, पाहुण्यांना दाखवला जातो आणि कपाटात जातो. संच मोडला तर दुरुस्त कोण करणार, ही भीती त्यामागे असते. कामतघरमध्ये ती भीती सर्वांत कमी असायला हवी. तुटलेला गिअर लेथवर पुन्हा काढून देणारा कारागीर जिथे हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मुलांनी संच मोडेपर्यंत वापरावा. मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते, हा विश्वास या वस्तीचं भांडवल आहे आणि तो कुठल्याही अनुदानातून विकत मिळत नाही.

चौथा आक्षेप शिक्षकांचा आणि पालकांचा असतो. स्पर्धा म्हणजे दिखावा, त्यात दहावी-बारावीचा अभ्यास बुडतो आणि शेवटी जिंकतो एकच. स्पर्धेचा मुद्दा चषकात असता, तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. बहुतेक संघ हरतातच. पण स्पर्धेने दिलेली तारीख हलत नाही, आणि ती हलत नसल्यामुळेच शेवटचा आठवडा घडतो. शाळेतला प्रकल्प अर्धवट चालला तरी वहीत पूर्ण दिसतो. स्पर्धेच्या मैदानात तो तीन मिनिटांत, परक्यांसमोर, चालतो किंवा चालत नाही. अशी तारीख कामतघरला नवी नाही. मागमालकाला व्यापाऱ्याने दिलेल्या दिवशी ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचे तागे पोचवायचे असतात, आणि त्या दिवसासाठी रात्री जागून माग उभे करणारे मिस्त्री इथे घरोघरी आहेत. अभ्यासाचं म्हणाल, तर प्रवाह आणि दाब यांचं नातं ज्या मुलीने स्वतःच्या रोबोटच्या वायरीत शोधलं, तिला ओहमचा नियम पाठ करावा लागणार नाही. मुलींचा उल्लेख इथे मुद्दाम करते आहे. कांडी भरण्याचं काम या वस्तीत बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलं, पण माग लावण्याची पाना-पक्कड त्यांच्या हाती दिली गेली नाही. रोबोटच्या टेबलावर ती वाटणी पहिल्या दिवसापासून मोडली पाहिजे, नाहीतर मुली सादरीकरणाचे तक्ते रंगवतील आणि मुलं ड्रिल चालवतील.

शेवटचा आक्षेप माझ्या स्वतःच्या मांडणीवर आहे. मागाच्या कामाचं हे कौतुक सोपं आहे, कारण ते लांबून केलेलं आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कानांना कायमचं अधू करणारा आवाज, फुप्फुसात जाणारी तूस आणि नगावर ठरणारी मजुरी यांत काव्य नाही. जॉबरचं ज्ञान थोर आहे असं लिहायचं आणि त्याला त्याचा मोबदला द्यायचा नाही, हा अन्यायच होईल. म्हणून माझी सूचना त्याला सत्काराची शाल देण्याची नाही. आठवड्याचे काही तास प्रयोगशाळेत घालवल्याबद्दल त्याला ठरलेलं मानधन मिळावं, शाळेच्या नोंदीत त्याचं पद निदेशक असं लिहिलं जावं, आणि तो जे बोटांनी जाणतो ते मुलांनी मोजून, चित्रं काढून, शब्दांत उतरवावं. त्याच्याकडे ‘आवाज बदलला’ हे निदान आहे. मुलांकडे मोबाइलचा मायक्रोफोन आहे आणि आवाजातला बदल आलेखावर दाखवणारे प्रोग्रॅम आहेत. दोघांची गाठ पडली तर जॉबरचं ज्ञान त्याच्याबरोबर संपणार नाही, आणि मुलांच्या यंत्राला धंद्यातला खरा प्रश्न मिळेल.

हे करायला फार मोठी योजना लागत नाही. महापालिकेच्या मराठी, उर्दू आणि तेलुगू माध्यमांच्या शाळांतली आठवी-नववीची मुलं एका टेबलावर आणावीत. या वस्तीत तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तरेकडून आलेले कामगार आणि इथले भूमिपुत्र शेजारी-शेजारी राहतात, मुलं मात्र वेगवेगळ्या फाटकांतून शाळेत जातात. धोटा, बीम, कांडी हे शब्द मात्र सगळ्यांच्या घरी पोचलेले आहेत. पहिल्या वर्षी त्यांना कुठलीही परदेशी स्पर्धा दाखवू नये. जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागे धावणारी गाडीही बनवायला लावू नये, ती प्रत्येक शाळेत बनते. त्यांना मागाच्या पेटीजवळ न्यावं, माग थांबवून तो काटा दाखवावा आणि विचारावं, की बाण्याचा धागा तुटला तर हा काटा माग थांबवतो, मग ताण्याचा धागा तुटला तर थांबवणारं काय आहे? बहुतेक साध्या मागांवर उत्तर येईल, की काही नाही, कामगाराने डोळ्यांनी पाहायचं. एकेका कामगाराकडे अनेक माग असतात आणि नजर चुकली की कापडात लांबलचक उभी फट पडते. महागड्या मागांवर याचा उपाय आहे, कामतघरच्या जुन्या मागांना परवडेल असा तो करून दाखवायचा, एवढंच आव्हान द्यावं, आणि एक तारीख द्यावी. त्या तारखेआधीच्या आठवड्यात सेन्सरवर तूस बसेल, थरथरीने वायर सुटेल, मागाच्या मोटरीने दाब खाली ओढला की सर्किट झोपेल, आणि तीन टेबलांवरची मुलं एकमेकांकडे बोट दाखवतील. तेव्हा त्यांच्यात उभा असलेला मिस्त्री हाताने चाक सावकाश फिरवेल आणि म्हणेल, थांबा, आधी एक फेक पूर्ण पाहू या.